48,000 रुपयांचा फरक

परळमधल्या एका हाउसिंग सोसायटीचं ऑडिट माझ्याकडे होतं. मी दप्तर मागवायच्या आधीच तिथे निकाल लागलेला: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये खजिनदारकाकांनी 48,000 रुपये खाल्ले. व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं लिहून खाली दोन फोटो टाकलेले. एकात हिशेबपत्रकातला खर्च, 9,44,000. दुसऱ्यात ठेकेदाराला मिळालेली रक्कम, 8,96,000.

दोन्ही आकडे खरे, वजाबाकीही बरोबर. म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

बिल काढलं. कामाचे 8,00,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,44,000, एकूण 9,44,000. खर्च हिशेबात पूर्णच दाखवायचा असतो, चेक कितीचा गेला याच्याशी त्याचा संबंध नाही. ठेकेदार स्वतःच्या नावावर धंदा करणारा, म्हणून जीएसटी सोडून मूळ रकमेवर 1 टक्का टीडीएस, म्हणजे त्याच्या नावे सरकारकडे भरायचा आयकर, कापलेला: 8,000. शिवाय करारात 5 टक्के रिटेन्शनची अट होती. म्हणजे 40,000 राखून ठेवायचे आणि एक पावसाळा गळतीशिवाय गेला की द्यायचे. उरले 8,96,000.

पण आकडे जुळले म्हणजे पैसा जागेवर आहे, असं नाही. खरी अफरातफरसुद्धा अशाच जुळलेल्या आकड्यांत लपते. म्हणून टीडीएसचं चलन पाहिलं. तिमाही रिटर्नमध्ये ठेकेदाराचा पॅन बरोबर आहे ना, ते तपासलं आणि त्याच्याकडून 26एएस, म्हणजे त्याच्या नावे जमा झालेल्या कराचं आयकर खात्याचं पत्रक, मागवलं. त्यात 8,000 दिसत होते. 40,000 ताळेबंदात देण्यांच्या बाजूला होते. 31 मार्चच्या शिल्लकेसाठी पासबुकाच्या झेरॉक्सवर न थांबता बँकेचंच पत्र घेतलं. सगळं जुळलं.

अफरातफर सापडली असती, तर सहकार खात्याच्या निबंधकांकडे वेगळा अहवाल पाठवणं मला कायद्याने भाग होतं. सापडली नाही तर ‘गैरव्यवहार आढळला नाही’ एवढं लिहून भागत नाही. त्यावर ‘मॅनेज केलं’ हे उत्तर तयारच असतं. मी वरची वजाबाकी अहवालात ओळीने मांडली. वार्षिक सभेत ती वाचली गेली, ग्रुपवरचा मेसेज डिलीट झाला. माफीचा शब्द नाही.

तोवर मेसेजचा स्क्रीनशॉट गणेशोत्सव मंडळापर्यंत पोचला होता. काका तिथला वर्गणीचा हिशेब अनेक वर्षं सांभाळत. ‘यंदा राहू द्या काका, तुम्हालाच त्रास नको,’ असं त्यांना सांगण्यात आलं. ऑडिटचा अहवाल मंडळाकडे कोण नेणार?

हिशेब विचारणं हा सभासदाचा हक्क आहे आणि तो बजावलाच पाहिजे. फरक का पडला, हे कमिटीला लेखी विचारता आलं असतं. उपनिबंधकांकडे सद्भावनेने तक्रार केली असती, तरी बदनामीच्या कायद्यातल्या अपवादाचं संरक्षण होतं. ग्रुपवर ‘खाल्ले’ लिहिणाऱ्याला ते मिळणं कठीण. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली यासाठी दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. मात्र गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे पोलीस फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात. पुढे दंडाधिकाऱ्यांकडे स्वतःच जावं लागतं. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा एका वर्षाच्या आत लावायचा. पुरावा म्हणून नुसत्या स्क्रीनशॉटची प्रिंट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन जपून ठेवलेला बरा.

काकांनी यातलं काही केलं नाही. ज्याच्यावर केस करायची, तो रोज त्याच लिफ्टमध्ये भेटणार. त्यांनी राजीनामा दिला, चेकबुक आणि व्हाउचरच्या फायली यादी करून सेक्रेटरींच्या ताब्यात दिल्या आणि पोच घेतली.

पावसाळा संपल्यावर ठेकेदार 40,000 मागायला आला. चेकवर दोन सह्या लागतात, त्यातली एक खजिनदाराची. पद रिकामं, कारण कमिटीत कुणीच तयार होईना. बँक नव्या सहीसाठी कमिटीचा ठराव आणि केवायसी मागत होती. पैसे मिळेपर्यंत पाण्याच्या टाकीखालची नवी ओल बघायलाही येणार नाही, असं ठेकेदाराने सेक्रेटरींना कळवलं.