आरसीसीबी पडण्याचं मूळ न्यूट्रलमध्ये सापडलं

गीझर लावला की 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडायची, त्यामुळे पहिला संशय गीझरच्या एलिमेंटवरच होता. पण गीझरची पिन काढून नुसती इस्त्री लावली तरी पडली. पंपाचंही तेच. फक्त दिवे चालू असले तर मात्र ती टिकून राहायची.

तीन उपकरणं एकदम लीक होतील हे पटेना. कुठल्याही मोठ्या लोडने आरसीसीबी पडत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय का ते आधी बघावं. परतीचा करंट मग थोडा न्यूट्रलमधून आणि थोडा अर्थमधून जातो. आरसीसीबी नेमका हाच फरक पकडते. दिव्यांचा करंटच कमी, म्हणून अर्थकडे वळणारा भागही नगण्य. यात एक मेख आहे: सिंगल पोल एमसीबी (एकेका सर्किटचा ओव्हरलोड-शॉर्टला पडणारा स्विच) पाडला तरी फक्त फेज तुटतो, न्यूट्रल मात्र लिंकला, म्हणजे सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीला, जोडलेलाच राहतो. एकेक एमसीबी पाडून शोधायची नेहमीची पद्धत त्यामुळे इथे दिशाभूल करते.

मेन बंद केला, सप्लाय नाही याची मीटरने खात्री केली आणि सगळ्या पिना काढल्या (इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडलेली राहिली तर मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, खराब होऊ शकते, हे कृपया विसरू नका). मग लिंकवरून एकेक न्यूट्रल सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने अर्थशी मोजला. किमान 1 मेगाओम हवा. बाकी सर्किटं 100 च्या वर होती, एकाचा काटा शून्यावरून हलेना. ते सर्किट मधल्या जंक्शनला तोडलं, खराब निघालेला भाग पुन्हा अर्ध्यात तोडला, असं करत एका स्विचबोर्डपाशी आलो. प्लेटचा लांब स्क्रू निळ्या वायरीत घुसला होता. इन्सुलेशनवर आट्यांचे वळ, आणि चिरेत तांबं लखलखीत. बॉक्स लोखंडी आणि अर्थ केलेला. तेवढी वायर बदलून आखूड स्क्रू लावला. आता गीझर आणि पंप एकत्र चालतात, आणि हे बघून खरंच फार आनंद झाला.

दुसरं दुखणं बाकी आहे. 16 अँपिअरचा एक एमसीबी लगेच नाही, अर्ध्याएक तासाने पडतो. शॉर्ट असता तर आतल्या कॉइलने क्षणात पाडला असता. उशीर होतोय म्हणजे बायमेटल (तापलं की वाकून एमसीबी पाडणारी पट्टी) तापतंय. क्लॅम्प मीटरवर करंट 13 अँपिअर, तेव्हा ओव्हरलोड नाही. टर्मिनल ढिलं असलं तर तिथली उष्णताही बायमेटलपर्यंत पोचते, म्हणून मेन बंद करून आधी स्क्रू तपासणार, मग एमसीबी बदलून बघणार. बदलला तरी 16 चाच. वायर त्याच हिशोबाने ओढलेली आहे.