तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात दातांना तार कशाला?

"मॅडम, लेकीला लावायची तार चुकून तुम्हालाच लावली का?" हा विनोद माझ्या टेबलासमोर बसून निम्म्या कराडनं केला आहे, आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटतं. मी हसते. हसलं की तार दिसते, आणि मग खरा प्रश्न येतो. या वयात कशाला? लग्नकार्यात बायका हेच जरा आवाज खाली आणून विचारतात. "यांनी सांगितलं का गं?" नात्यातल्या एक मावशी तर पंगतीत सरळ म्हणाल्या, "आता कुणाला दाखवायचंय?" आजवर मी माणूस बघून उत्तर देत आले. आता सगळ्यांना मिळून देते.

यांनी सांगितलेलं नाही. माझे दात पुढे आहेत हे यांना बघायला आले तेव्हापासून माहीत आहे. यांची शंका एवढीच होती, की भाजलेल्या शेंगा घरातून बंद होणार का. झाल्या, माझ्यापुरत्या. ऊस दातानं सोलणं गेलं, प्रीतिसंगमावर पावसात कणीस दातानं खाणं गेलं, पेरू फोडी करून. वरणात हळद असते, म्हणून तार धरायला दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरं आठवड्यात पिवळी पडतात. मी आता राखाडीच रबरं मागते. ही सगळी गैरसोय मला आधी माहीत होती. तुम्ही ती मला नव्यानं समजावून सांगू नका.

पैशांचंही सांगून टाकते. साधारण पंचावन्न हजार, हप्त्यांनी. मी बँकेत कर्जविभागात बसते. दीड लाखाच्या मोटरसायकलसाठी कागद घेऊन आलेल्या चाळिशीच्या माणसाला 'या वयात कशाला' असं विचारायची मला मुभा नाही, आणि मी कधी विचारलेलंही नाही.

डॉक्टरी कारण हवं असेल तर तेही आहे. खालचे पुढचे दात इतके एकमेकांवर चढलेले, की ब्रश आत पोचत नव्हता. दगडासारखं कीटण साचायचं आणि हिरड्यांतून रक्त यायचं. ओठ आपोआप मिटत नसत, त्यामुळे रात्री तोंड कोरडं पडायचं आणि वरच्या हिरड्या सुजायच्या. ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तार लावणारे डॉक्टर, आमच्याकडे रोज नसतात, महिन्यातल्या ठरावीक रविवारी येतात. त्यांनी आधी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे बघून हाड किती शिल्लक आहे ते तपासलं, दात आणि हिरड्या साफ करून घ्यायला लावल्या, साखर तपासायला लावली, आणि मगच तारेचा विषय काढला. हिरड्यांना आजार असताना तार ओढली तर दात सरळ होऊन पडतील, असं ते म्हणाले.

हे कारण शंभर टक्के खरं आहे. तरी ते सांगताना मला दरवेळी आपण थाप मारतोय असं वाटतं. कारण ते ऐकलं की समोरच्याचा चेहरा सैल होतो. अच्छा, त्रास होता होय, मग ठीक. म्हणजे त्रास असेल तर परवानगी आहे. हिरड्या धडधाकट असत्या तर मी तार लावली नसती का? लावली असती. हे मी मावशींना सांगितलेलं नाही, इथे सांगते.

दात पुढे असलेल्या माणसाला फोटोवाला म्हणतो, "तोंड मिटा." ओठ जुळवायचे तर हनुवटी आवळावी लागते, आणि आवळलेल्या हनुवटीला सुरकुत्यांचा गोळा येतो. लग्नासाठी स्थळांकडे पाठवलेल्या फोटोत माझा तोच चेहरा आहे, काहीतरी कडू गिळल्यासारखा. आजही अल्बम उघडला की मला आधी ती हनुवटी दिसते, साडी नंतर.

याच्या उलट बाजूनं बोलणारी एक बाई मला चांगली ठाऊक आहे. ती सत्तावीस वर्षांची मी. नोकरी लागलेली, हातात पैसे आलेले. एका मैत्रिणीनं पुण्यातल्या डॉक्टरचा पत्ता दिला, तर मी तिला भर रस्त्यात ऐकवलं होतं, "मला माझे दात आवडतात. ज्याला बघवत नाहीत त्यानं दुसरीकडे बघावं." किती टाळ्यांचं वाक्य! ती बाई मला अजूनही आवडते. पण ती फोटोत कायम मागच्या रांगेत उभी राहायची आणि हसताना तोंडावर हात न्यायची. मी तिला हे म्हणते, तर ती म्हणते, "आणि तू? एवढे पैसे घालून शेवटी त्यांचंच खरं केलंस ना?" मला याचं उत्तर येत नाही. जगानं शिकवलेली लाज आणि स्वतःची इच्छा यांतली रेघ कुठे काढायची ते तिला सत्ताविसाव्या वर्षी कळलं नव्हतं, मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलेलं नाही. फरक इतकाच, की मला ती रेघ सापडेपर्यंत थांबायचं नव्हतं.

आता दात काढण्याचं. तुमच्यातल्या बहुतेकांना हे माहीत नाही, कारण सुळ्याच्या मागची जागा सहसा दिसत नाही. माझे चार चांगले दात काढले आहेत. किडलेले नाहीत, हलणारे नाहीत. वर दोन, खाली दोन, सुळ्यामागची पहिली उपदाढ चारही बाजूंनी. दात मागे न्यायचे तर जागा लागते. लहान मुलांचा जबडा वाढत असतो, टाळूचं हाड मधून जुळलेलं नसतं, त्यामुळे काही वेळा तो रुंद करून घेता येतो. माझ्या वयात ते हाड सांधलं गेलेलं असतं. मग एक तर जबड्याची शस्त्रक्रिया, नाहीतर दात काढून जागा करणं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली: १४, २४, ३४, ४४. दातांना असे नंबर असतात. काढणारे डॉक्टर वेगळे होते, त्यामुळे मी रात्री आरशासमोर उभी राहून चिठ्ठीतले नंबर पुन्हा पुन्हा मोजले. उद्या कुणी शेजारचा १५ काढला तर?

त्या रात्रींत मी भरपूर वाचलंही. तारेच्या या शास्त्राचा पाया घालणारा अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल दात काढण्याच्या पक्क्या विरोधात होता. दिलेले सगळे दात तोंडात राहिले पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. १९११ साली कॅल्व्हिन केस या दुसऱ्या अमेरिकी दंतवैद्यानं उलट बाजू उघडपणे मांडली आणि या मंडळींत चांगलंच जुंपलं. अँगल १९३० मध्ये गेला. त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड आधी गुरूच्या वाटेनं गेला, पण आपल्याच रुग्णांचे दात पुन्हा पुढे आलेले बघून त्यानं त्यांच्या उपदाढा काढल्या आणि उपचार नव्यानं केले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे डॉक्टर ज्यावर भांडले, ते मला येत्या रविवारपर्यंत ठरवायचं होतं.

ठरवलं. वरचे दोन आधी काढले. टाळूतलं इंजेक्शन सोडलं तर दुखत नाही. दुखत नाही हेच वाईट. हाडातून कर्र आवाज कानात येत राहतो आणि आपल्याला नुसता दाब जाणवतो. ट्रेमध्ये पडलेला दात मी पाहिला. मूळ लांब, पिवळसर पांढरं. नखाएवढाही डाग नाही.

कापूस चावत मी त्या दिवशी उंब्रजला माहेरी गेले, कारण आईनं मऊ भात करून ठेवला होता. अण्णा कॉटवर बसले होते. ते साखर कारखान्यात फिटर होते. साठीच्या आत त्यांचे दात पायरियानं हलून हलून एकेक गेले. तेव्हापासून कवळी, रात्री स्टीलच्या वाटीत पाण्यात. "बघू," म्हणाले आणि बॅटरी घेऊन आले. मी तोंड उघडलं.

"किडले होते?"

मी मानेनं नाही म्हटलं.

"हलत होते?"

"नाही."

"मग?"

जागा हवी होती, एकेका बाजूला साधारण सात मिलिमीटर, असं मी कापसातून सांगितलं. अण्णांनी बॅटरी बंद केली. "चालू मशीनचा चांगला पार्ट काढून कोण फेकतं?" मी गप्प. "मी एकेक दात वाचवायला काय काय केलं. मिठाच्या गुळण्या, लवंगतेल, साताऱ्याच्या चकरा. आणि तू पैसे मोजून धडके काढून आलीस. उरलेले असेच गेले म्हणजे?"

आई आतून म्हणाली, "अहो, जेवू द्या तिला."

गप्प राहता आलं असतं. तोंडात कापूस होता, निमित्तही होतं. पण मी म्हटलं, "आठवीत शाळेच्या तपासणीत चिठ्ठी दिली होती. साताऱ्याला दाखवून घ्या म्हणून. तेव्हा दाखवलं असतं तर आज काढावे लागले नसते." त्या वर्षी दादाच्या डिप्लोमाची फी भरायची होती. हे मलाही माहीत होतं, त्यांनाही. चिठ्ठी फडताळात कागदाखाली कितीतरी वर्षं होती. अण्णा काही बोलले नाहीत. वाटीतली कवळी काढून बसवली आणि बाहेर गेले. मी भात गार करून खाल्ला. गरम खायचं नसतं म्हणून.

पुढच्या भेटीत मी ऑर्थोडॉन्टिस्टना विचारलं, आठवीत आले असते तर दात वाचले असते का? ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित वाचले असते. पण एवढी दाटी असेल तर त्या वयातही हेच चार काढतात. हे मी अण्णांना सांगितलेलं नाही. सांगायला हवं असं वाटतं, आणि नको असंही. ती चिठ्ठी फडताळात राहिली, हे तर खरंच आहे.

अण्णांनी तो विषय पुन्हा काढला नाही. महिन्याभरानं त्यांनी वेगळंच विचारलं, "ही तार कशाची?" निकेल-टायटॅनियमची म्हटल्यावर त्यांचे कान उभे राहिले. वाकवली तरी मूळ आकारावर जायला बघते म्हणून ती दाताला हळूहळू ओढत राहते, तोंडाच्या उबेनं तिचा जोर वाढतो, गार पाणी प्यायलं की घटकाभर ढिली पडते, हे त्यांनी दोनदा सांगायला लावलं. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६०च्या आसपास हा धातू पुढे आला आणि १९७०च्या दशकात दातांसाठी वापरात आला, हे मी वाचलेलं त्यांना सांगितलं. "आणि दात हाडातून सरकतो कसा?" मुळाभोवती मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा पडदा असतो. दाब येतो त्या बाजूचं हाड विरघळतं, ताण येतो त्या बाजूला नवं भरतं. महिन्याला फार तर मिलिमीटरभर. अण्णा म्हणाले, "सावकाश काम आहे." ते चांगलं म्हणाले की वाईट, मी विचारलं नाही.

आता फटी मिटत आल्या आहेत. वाईट बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल लपवलं. दात सरळ झाल्यावर खालच्या पुढच्या दोन दातांमध्ये हिरडीजवळ काळा त्रिकोण दिसायला लागला आहे. मोठ्या वयात हिरडी खाली गेलेली असते, ती वर येत नाही. मुळं थोडी आखूड होऊ शकतात, ते एक्स-रेत बघत राहावं लागतं. आणि तार निघाली की संपलं असं नाही. दात जुन्या जागी जायला बघतात, म्हणून मागून बारीक तार किंवा रात्री दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर, डॉक्टरांच्या भाषेत जन्मभर. 'कधी निघणार' असं विचारता ना, त्याचं हे उत्तर.

आणि चेहरा? ओठ मिटतात. हनुवटी न आवळता. परवा बँकेतल्या एका निरोपसमारंभाच्या फोटोत मी पुढच्या रांगेत आहे, तारेसकट दात दाखवून. सत्तावीस वर्षांची ती बाई म्हणेल, हे तर तारेशिवायही जमलं असतं. जमलं असतं. पण जमलं नव्हतं.

मध्यंतरी दादाची मुलगी, वय सव्वीस, माझ्याकडे राहायला आली होती. तिचेही दात आमच्याच घराण्याचे. रात्री तिनं डॉक्टरांचं नाव विचारलं. लाव किंवा लावू नको, यातलं मी काहीच म्हटलं नाही. आधी हिरड्या दाखव, दात काढायला सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरलाही विचार, आणि रिटेनर जन्मभर घालायची तयारी असेल तरच जा, एवढं सांगितलं. ती गेली त्या रात्री दादाचा फोन आला. "तिच्या डोक्यात हे तू भरवलंस का? लग्नाचं बघतोय आम्ही, आणि आत्ता ही दोन वर्षं तोंडात लोखंड घेऊन फिरणार?" मी म्हटलं, लोखंड नाही, निकेल-टायटॅनियम. त्यानं फोन ठेवला. भाचीनं मात्र येत्या रविवारची वेळ घेतली आहे, फी स्वतःच्या पगारातून भरणार आहे, आणि मला सोबत बोलावलं आहे. दादाला कळेल तेव्हा पुन्हा फोन येईलच.