न्हाव्याला कोणी बोलावले?

हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ वाचून संपली की बहुतेकांच्या मनात उरतात ते शंकरमामंजी. नवऱ्यामागे नायिका यमूचे बळजबरीने केशवपन करवणारा, म्हणजे विधवा म्हणून तिचे डोके भादरायला लावणारा, हा माणूस आपट्यांनी इतका ठळक रंगवला आहे की सगळ्या जुलमाचे खापर त्याच्या एकट्याच्या माथ्यावर फोडून वाचक मोकळा होतो. आमच्या बेळगावातल्या छोट्याशा वाचक मंडळात या कादंबरीवर बोलणे झाले, तेव्हा पहिला अर्धा तास हाच पंचनामा चालला होता. मग खानापूरकडून येणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “त्यो वाईट हाय ते दिसतंयच की. पण न्हाव्याला बोलावूलालंय कोण, आणि गप बसूलालंय कोण, ते बी बघा की.”

सत्ता, जुलूम आणि ओळख यांविषयी जुन्या साहित्यात काय सापडते, या प्रश्नाला मावशींच्या या वाक्याइतकी चांगली वाट मला तरी दुसरी दिसलेली नाही. शंकरमामंजींच्या हातात स्वतःची अशी ताकद फारशी नाही. शास्त्राचा आधार, जातीतल्या चारचौघांची भीती, शेजारपाजारच्यांच्या जिभा आणि घरातल्या थोरल्यांचे मौन या सगळ्यांच्या जोरावर त्यांचा आवाज चढतो. आपट्यांचे मोठेपण असे की त्यांनी हे घर आतून पाहिले. जुलूम सोसून म्हाताऱ्या झालेल्या बायकाच पुढे सुनांवर तोच धाक कसा चालवतात, आणि त्यात वाईटपणापेक्षा सवयीचाच भाग किती मोठा असतो, हे त्यांनी स्वयंपाकघरातल्या आणि माजघरातल्या बारीकसारीक प्रसंगांतून उलगडून दाखवले आहे. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते, ही युक्तीही त्या काळी धाडसाचीच होती. मात्र तिच्या तोंडून बोलणारी लेखणी पुरुषाची आहे, हेही विसरून चालत नाही. त्याआधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ स्वतःच्या नावाने छापली होती. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येसाठी झालेली शिक्षा आणि त्यानंतर वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर उठलेली झोड हे त्या लेखनामागचे कारण होते. यमू आपल्याला रडवते. ताराबाई मात्र समोरच्याला उभा करून जाब विचारतात. मला स्वतःला ताराबाई अधिक आवडतात, हे येथे सांगून टाकतो.

आता बेळगावचा धागा. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते, त्या ‘यमुनापर्यटन’चे लेखक बाबा पद्मनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावातच झाला आणि १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली तीही येथेच. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, कादंबरी १८५७ ची. यमुना आणि विनायक हे जोडपे प्रवासाला निघते, वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या ऐकते आणि पुढे खुद्द यमुनेवरच वैधव्य ओढवते. आमच्याकडे सभासंमेलनांत या पुस्तकाचे नाव मोठ्या अभिमानाने घेतात. वाचलेला माणूस मात्र शोधावा लागतो. पात्रे वारंवार प्रवचनाच्या सुरात बोलतात, आणि विधवांचे दुःख अखेरीस धर्मांतराच्या बाजूने मांडलेला पुरावा होऊन बसते. तरीही जातीबाहेर पडलेल्या माणसाच्या नजरेला जे दिसते ते जातीत सुखाने नांदणाऱ्याला दिसत नाही, याची खूण या पुस्तकात पानोपानी आहे.

मात्र जिच्या डोक्यावर वस्तरा फिरतो तिच्याकडे आपण पाहतो. वस्तरा धरणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. न्हावी येतो, सांगितलेले काम करतो आणि निघून जातो. त्याला काय वाटले असेल, त्याने नाही म्हटले असते तर गावात त्याचे काय झाले असते, असल्या प्रश्नांना आपट्यांच्या कादंबरीत जागा नाही. योगायोग असा की १८९० मध्ये आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली, त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करायचे नाही असे तेथे ठरले. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, गिरणी कामगारांची संघटना उभारणारे आणि ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचे संपादक. जातीच्या उतरंडीत जे स्वतः खाली होते, त्यांनीच वरच्या जातीच्या घरातला हा विधी अडवायचे ठरवले. कादंबरीने ज्याला हत्यारापलीकडे किंमत दिली नाही, तो बाहेर सभेत उठून नकार देत होता.

हे सगळे सीमाभागात बसून वाचताना थोडे अवघड जाते. १९५६ मध्ये बेळगाव आजच्या कर्नाटकात गेले, तेव्हापासून आम्ही मराठी माणसे स्वतःला एकाच बाजूला उभे पाहत आलो आहोत: ज्यांच्यावर अन्याय झाला त्या बाजूला. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे आमची काळ्या दिनाची फेरी. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा ही मागणी रास्तच आहे आणि मी ती सोडणार नाही. पण त्याच आमच्या मराठी घरांत भांडी घासायला येणारी बाई कन्नड बोलते आणि तिचा चहा अजून काही ठिकाणी वेगळ्या कपात ओतला जातो. तेथे भाषेचा पीडित कोण आणि मालक कोण? दाराबाहेर आम्ही यमू असू, पण दाराच्या आत बऱ्याचदा घरातली थोरली माणसे आम्हीच असतो. मंडळात हे बोलल्यावर दोघे-तिघे माझ्यावर चिडले. त्यांचे म्हणणे असे की घरातली ही कुरबूर भाषेच्या लढ्यात आणली की लढा दुबळा होतो. मला ते पटत नाही.

पुढच्या बैठकीसाठी यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ ही १९६५ ची कन्नड कादंबरी ठरली आहे. ती कन्नडमधूनच वाचावी, असा माझा आग्रह आहे. शाळेत नाइलाजाने शिकलेली भाषा या निमित्ताने तरी गोडीने वाचली जाईल. अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, आचारधर्म मोडणाऱ्या नारणप्पाचे प्रेत पडून आहे, त्याला अग्नी कोणी द्यायचा यावर ब्राह्मणांचा काथ्याकूट चालू आहे, आणि त्याच्यासोबत राहणारी खालच्या जातीची चंद्री अंगावरचे दागिने काढून पुढे ठेवते, तेव्हा त्या सोन्यावर नजरा खिळतात. शेवटी शास्त्राची वाट न पाहता एका मुसलमान माणसाच्या मदतीने रातोरात प्रेत जाळते ती चंद्रीच. मात्र ते उरकल्यावर कादंबरी अग्रहारातले विद्वान पंडित प्राणेशाचार्य यांच्या मागे निघून जाते, चंद्रीच्या मागे जात नाही. मावशींना पहिले बोलू द्यायचे ते याच मुद्द्यावर.