टाक्यातलं पाणी

सहलीहून परत आलं की 'आमची सहल' हा निबंध लिहावाच लागायचा. जुन्नरच्या सहलीवर मी दोन पानं भरली होती. शिवनेरीचे सात दरवाजे, शिवाई देवी, १६३० साली महाराजांचा जन्म, लेण्याद्रीचा गिरिजात्मज. सगळं फळ्यावरून उतरवलेलं. खरं आठवत होतं ते वेगळंच. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर माकडाने माझी वॉटरबॅग पळवली होती, आणि दुपारी शिवनेरीवर पोचेपर्यंत जीभ टाळ्याला चिकटली होती. गंगा-जमुना म्हणतात त्या टाक्यांपाशी मी चक्क पालथी पडले, हात कोपरापर्यंत आत घातला आणि ओंजळीने पाणी प्याले. दात शिवशिवले. मागून सरांनी वेणी धरून उठवलं. एवढ्या मोठ्या गडावर जाऊन पोरीला पाणी तेवढं आठवतं, हे निबंधात लिहायची लाज वाटली.

तीस वर्षांनी पुन्हा गेले. मोठेपणी सगळं लहान दिसतं म्हणतात. टाकं होतं तेवढंच होतं, वाकायला गुडघे तयार नव्हते एवढंच.

मधल्या काळात ब्राह्मी, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांतल्या लेखांची लिपी, शिकले होते, अक्षरं ओळखण्यापुरती. त्यामुळे या खेपेला गडावर फार न रेंगाळता मानमोडीच्या डोंगराकडे निघाले. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत आणि सहलीच्या बसला त्यातलं एक पुरतं, ते गणपतीचं. मानमोडीच्या पायथ्याला शेरडं चारणाऱ्या बाबांनीही तेच सांगितलं. "ताई, वाट चुकला. गणपती तिकडं, नदीपल्याड."

वाट कसली, घाणेरीतून अंग चोरत जायचं. ओढणी तीनदा अडकली. वर चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहाच्या, कमानीत गजलक्ष्मी आहे आणि तिथेच, मान दुखेपर्यंत वर बघितलं की, अक्षरांची एक ओळ. नांगरासारखा य. शेंडीवाला व. उभ्या काठीला खाली पाट जोडलेला न. मग स. य-व-न-स. यवनाचं! पुढे नाव चंद. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक. समुद्रापलीकडच्या मुलखातला म्हणवणारा कुणी, आणि नाव असं की गावात हाक मारली तर दोघं-तिघं वळून बघतील. कल्याण-सोपाऱ्याकडून माल नाणेघाट चढून वर यायचा तो याच रस्त्याने पुढे जायचा. पैसा होता, आणि पैसेवाल्याला नाव कोरायची हौस कोणत्या काळात नव्हती?

पण मला अडकवलं ते दुसऱ्याच एका शब्दाने. पोढी. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. घरून जुन्नरच्या लेखांचं टिपण करून नेलं होतं, ते तिथेच सावलीला बसून पुन्हा काढलं. इरिल नावाचा आणखी एक यवन, त्याचं दान काय, तर दोन पोढी. धान्य विकणाऱ्यांची श्रेणी, म्हणजे आजच्या भाषेत अडत्यांची संघटना. त्यांनी सात खोल्यांचं लेणं दिलं आणि सोबत पोढी. इथेच मानमोडीवर नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम. लेखात नुसतं 'वर्ष ४६', आणि पुण्य लागावं म्हणून एक मंडप आणि पोढी. राजाचा अमात्य माणूस, नहपानाचं नाव त्याने बिरुदांसकट कोरून घेतलंय, आणि दान काय दिलं सांगताना मंडपाच्या बरोबरीने टाकं मांडलंय. त्यात कमीपणा आहे असं त्याला वाटलेलं दिसत नाही. हे मला शाळेत कुणी सांगायला हवं होतं, निदान वेणी ओढण्यापूर्वी.

आठवणीचं काय करायचं ते मात्र कळेना. त्या दिवशीचं पाणी गोड होतं असं मी आजवर शपथेवर सांगत आले. ते गोड होतं की मी तहानलेली होते? आणि सरांनी वेणी धरली होती की दंड? बहिणीच्या मते तर मी त्या सहलीला गेलेच नव्हते, गोवर आला होता. निबंधाची वही रद्दीत गेली, त्यामुळे माझ्या बाजूचा लेखी पुरावा शून्य. अयमाने कोरून ठेवलं, शहाणा होता.

उतरताना तेच बाबा एका टाक्यापाशी भेटले. दोरी बांधलेला तेलाचा डबा आत सोडायचे, ओढायचे, आणि खडकातल्या खळग्यात ओतायचे. शेरडं एकमेकांना ढुशा देत पीत होती.

"चैतापर्यंत पुरतंय," ते म्हणाले. मी टाकं कुणी खोदलं विचारलं, तर "पांडवांनी" असं लगेच उत्तर आलं. मी अयमाचं नाव काढलं नाही.

डब्यात थोडं उरलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ओंजळ पुढे केली. "प्यायचं नाही हां ताई, तोंड धुवा नुसतं."

दात शिवशिवले.