तुम्ही विचारलंत म्हणून: ऐन डिसेंबरात मॅलमला कशाला?

पुण्याहून फोन आला की हा प्रश्न हमखास येतो, आणि इथे लीड्समधले मराठी मित्रही विचारतात. इंग्लंडात फिरायला जून-जुलै आहेच की! डिसेंबरात झाडं बोडकी, चारच्या आत अंधार, वर रात्री कॅम्परव्हॅनमध्ये झोपायचं. पाहता तरी काय?

जमीन पाहतो. आणि ती उन्हाळ्यात एवढी दिसत नाही, असं माझं ठाम मत आहे.

यॉर्कशर डेल्स या उत्तर इंग्लंडातल्या डोंगराळ भागातल्या मॅलम गावाभोवतीच्या उतारांवर जुन्या शेतीचे बांध आहेत. कोकणात भातखाचरं उतरतात तशा पायऱ्या. त्यांना तिकडे लिंचेट म्हणतात. आता तिथे नांगर नाही, फक्त गवत आणि मेंढ्या. जूनच्या उन्हात सगळा उतार एकसारखा हिरवा वाटतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 12 अंश वर येतो (पुण्यात तेव्हा 48). अशा तिरप्या उन्हात प्रत्येक बांधाची लांब सावली पडते. सावलीतलं दव दुपारपर्यंत गोठलेलंच राहतं, त्यामुळे उतारावर पांढऱ्या-हिरव्या ओळी उमटतात आणि मध्ययुगातल्या कुळांनी कुठवर पेरलं होतं ते समोर दिसतं.

भिंतींचंही तसंच. चुना-माती न वापरता नुसते दगड बसवून रचलेल्या. गावाजवळच्या वाकड्यातिकड्या भिंती बऱ्याचशा जुन्या. डोंगर सरळ कापत जाणाऱ्या बहुतेक 18व्या-19व्या शतकातल्या, सामाईक गायरानं वाटून खासगी झाली तेव्हाच्या. कुणाचं चरणं गेलं आणि कुणाची मालकी आली, ते त्या सरळ रेषांत आहे. मला त्या रेषांपाशी दरवेळी थांबावंसं वाटतं.

आणि त्याच भिंतींमधून पायवाट जाते, याचं मला फार मोल वाटतं. पायवाटेचा पिवळा बाण दिसला की दुसऱ्याच्या कुरणातून चालायचा तुमचा हक्क आहे, फाटक मात्र लावून घ्यायचं. सगळीकडे हे सुखासुखी मिळालेलं नाही. उघड्या डोंगरमाथ्यांवर तर राखणदार लोकांना हाकलत. 1932 साली मॅलमहून दक्षिणेला किंडर स्काउटच्या पठारावर शेकडो कामगार मनाई मोडून चढले, काहींना तुरुंगवास झाला. वाटांची अधिकृत नोंद करायला लावणारा कायदा 1949 चा.

वाटेत मेंढ्या भेटतात, पाठीवर निळे-लाल डाग घेऊन. शरदाच्या अखेरीस नर मेंढ्याच्या छातीला रंग लावून त्याला कळपात सोडतात. जिच्यावर तो चढला तिच्या पाठीवर रंग उमटतो, आणि कोणती कधी विणार ते शेतकऱ्याला कळतं. हिवाळ्यात त्या गाभण असतात. म्हणून लांबून जायचं आणि कुत्रा दोरीला बांधलेला हवा.

मॅलम कोव्ह हा चुनखडीचा सुमारे 80 मीटर उंच, आत वळलेला कडा. हिमयुगाच्या शेवटी बर्फ वितळून त्यावरून धबधबा पडत होता. पुढे पाण्याने दगडातच वाट केली, आता ओढा कड्याच्या तळातून बाहेर येतो. डिसेंबर 2015 च्या वादळात मात्र पाणी पुन्हा वरून कोसळलं, माणसांच्या आठवणीत पहिल्यांदाच. माथ्यावर चुनखडी पाण्यात विरघळून भेगाळलेली नैसर्गिक फरसबंदी आहे. त्या भेगांत खोलवर नेचे हिवाळाभर हिरवे असतात. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ असा विरघळत नाही, म्हणून हे दृश्य मला अजूनही नवं वाटतं.

व्हॅन एवढ्यासाठी, की उजेड साडेसात तासांचाच. सकाळी सव्वाआठच्या सुमारास उजाडतं तेव्हा बूट घालून दारात असायचं आणि पावणेचारला सूर्य गेला की परत. मग पिठलं-भात. वीजजोडणी असलेला शेतावरचा तळ आधी ठरवा. गॅस लाल सिलिंडरचा, म्हणजे प्रोपेनचाच घ्या. निळ्यातला ब्युटेन शून्याच्या आसपास वायूच होत नाही आणि चहासुद्धा मिळत नाही. रात्री काचांवर पाणी धरतं, म्हणून छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा.

येणार असाल तर डिसेंबरचा मधला आठवडा निवडा, आणि पाऊस नव्हे, गारठा सांगितलेला दिवस. कोव्हच्या माथ्यावरचा दगड ओला असेल तर त्यावर चढू नका, पावलांनी घासून तो गुळगुळीत झालाय. त्या दिवशी गावाजवळच्याच गॉर्डेलच्या घळीकडे वळा.