पंखवाला घोडा आणि आमचं दुकान

लंडनमध्ये जुन्या ग्रीक नाण्यांचं दुकान मराठी माणूस चालवतो, याचं लोकांना अजून नवल वाटतं. १९९८ साली भांडवल इंग्रज भागीदाराचं आणि धावपळ माझी, अशी सुरुवात झाली. तो गेला, त्याचा पितळी काटा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग माझ्याकडे राहिलं. भिंगाची कड टवकली आहे, पण बदललेलं नाही. अथेन्सचं चार ड्राक्मांचं, घुबडाच्या चित्राचं चांदीचं नाणं काट्यावर ठेवावं, १७.२ ग्रॅमला काटा स्थिर व्हावा, मग भिंगाखाली जैतुनाची फांदी नि खांद्याजवळची चंद्रकोर शोधावी. तीस सेकंदांचं काम, पण मी अजून पाच मिनिटं लावतो.

पहिली दहा वर्षं बरी गेली. मग तो घोडा आला.

करिंथ या ग्रीक नगरीचे स्टेटर, म्हणजे चांदीची नाणी, एका बाजूला पेगॅसस हा पंखवाला घोडा, दुसऱ्या बाजूला करिंथी शिरस्त्राणातली अथेना देवी. एका दलालाकडून नऊ घेतले. वजन ८.५ ग्रॅम, चांदी चोख. एक आमच्या डॉक्टरांना विकला. ते बेळगावचे, दातांचे डॉक्टर. महिन्याला एक नाणं घ्यायचे, पावती मात्र कधी मागायचे नाहीत. आठवड्याने आले, हातात शेजारच्या दुकानदाराचा कॅटलॉग. म्हणाले, "मालक, हा घोडा बघा." त्याच्याही पंखावर तोच तिरका ओरखडा! एका ठशाची दोन नाणी असू शकतात, पण हातोहात फिरून पडलेला ओरखडा दोघांवर सारखा कसा पडेल? खऱ्या नाण्यावरून ठसा उचलून पाडलेली बनावट.

मी डॉक्टरांचा सोडून बाकीचे आठ मोडीत काढले, सगळ्यांचे पैसे परत केले, दोन वर्षं दुकानाचं भाडं बायकोच्या पगारातून गेलं. शेजाऱ्याने आपला गुपचूप काढून घेतला आणि गावभर सांगितलं की, खोटा माल मी विकतो. दलाल त्याच्याचकडून माझ्याकडे आला होता, हे मला नंतर कळलं.

घेणाऱ्यांनो, घोडा किती देखणा आहे ते मागाहून बघा, आधी ओरखडे बघा. आणि चांदी घासून चकचकीत करू नका, हात जोडून सांगतो.

डॉक्टरांनी पैसे परत घेतले, नाणं दिलं नाही. म्हणाले, "राहू दे, माझ्याकडे खोटं म्हणून दुसरं नाही." शेजारी अजून त्याच रस्त्यावर आहेत. सकाळी शटर उघडताना नमस्कार होतो, तेवढाच.