रथाचा दोर आणि एक इंग्रजी शब्द

आमच्या वडिलांचं नाशकात द्वारका चौकाजवळ ट्रकचं गॅरेज होतं. बाहेर पत्र्याची पाटी, तिच्यावर लाल अक्षरांत 'इंजिन ओव्हरहॉलिंग करून मिळेल'. मी आठवीत होतो, साल १९८८. इंजिन उतरवून सगळं खोलायचं, डिझेलच्या ट्रेमध्ये धुवायचं, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा बसवायचं, हे मला रोज दिसत होतं. पण त्या कामाला हे नाव का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्याच वर्षी इंग्रजीच्या तासाला एक वाक्य आलं. कोळ्यांनी जाळं 'हॉल' केलं. बाईंनी अर्थ विचारला. मी म्हणालो, "ओढलं."

"विहिरीतून कळशी ओढतात, तेही ओढणंच. मग हा वेगळा शब्द कशाला?"

वर्ग गप्प. बाईंनी विचारलं, "कामदा एकादशीला रथाचा दोर कोणी धरलाय?" पंचवटीतल्या पोरांचे हात भराभर वर गेले. काळाराम मंदिरापासून निघणारे रामरथ आणि गरुडरथ म्हणजे आमचा जीव की प्राण.

"एका हिसक्यात रथ हलतो?"

"नाही बाई. सगळ्यांनी मिळून जोर लावायचा आणि सोडायचाच नाही. मग चाक करकरतं आणि हळूहळू निघतो."

"तो हिसका म्हणजे टग. आणि हे न सोडता ओढत राहणं, ते हॉल."

दिवाणखान्याच्या हॉलचं स्पेलिंग वेगळं, हेही त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं, कारण मराठीत दोन्ही सारखेच ऐकू येतात. जमिनीवरून फरफटत नेलं की ड्रॅग, आणि पुल म्हणजे कसलंही ओढणं. हॉल म्हटलं की वजन आलं, दम लागणं आलं. हा शब्द फ्रेंचमधून आलेला आणि जहाजावर रुळलेला. शिडाचे दोर, नांगर, जाळी, सगळं खलाशी हातांनी ओढत. जाळ्यात जेवढी मासळी वर येते तिलाही हॉलच म्हणतात, आणि पोलिसांनी पकडलेल्या मोठ्या मुद्देमालालासुद्धा. एखाद्याला कोर्टात 'हॉल' करतात, हे ऐकून तर मी चाटच पडलो, कारण आपणही कोर्टात 'खेचलं' असंच म्हणतो. दोन भाषांना तीच कल्पना सुचावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तास संपल्यावर मी बाईंना पाटीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी मोठा शब्दकोश घेऊन आल्या आणि मधल्या सुट्टीत मला शेजारी बसवलं. कप्पीतून गेलेला दोर उलट दिशेने ओढून सैल करायचा, याला खलाशी ओव्हरहॉल म्हणत. त्यावरून एखादी गोष्ट सोडवून कसून तपासणं आणि दुरुस्त करणं असा अर्थ झाला. शर्यतीत मागून येऊन पुढच्याला गाठणं, हाही एक अर्थ निघाला. क्रिकेटच्या इंग्रजी बातमीत धावसंख्या 'ओव्हरहॉल' केली असं असतं, ते हेच.

पुढे मी ओझरच्या विमान कारखान्यात लागलो. हा कारखाना १९६४ पासूनचा, मिग विमानांसाठी उभारलेला. तिथे विमान ओव्हरहॉलला येतं तेव्हा काढलेल्या प्रत्येक भागाला टॅग बांधतात आणि बारीक तडासुद्धा शोधतात. पहिल्या दिवशी टॅगचा दोरा बोटांत धरला आणि मला बाईंचा शब्दकोश आठवला.

पण खरी आठवण बाईंनी शब्दकोश आणला त्या दिवशी संध्याकाळचीच. बाईंनी सांगितलं होतं, "घरी गेल्यावर हे वडिलांना आधी सांग." दादा, म्हणजे आमचे वडील, चेन ब्लॉकवर इंजिन टांगून साखळी ओढत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी साखळी अडकवली, कापसाच्या बोळ्याने हात पुसले आणि बराच वेळ पाटीकडे बघत राहिले.

"म्हणजे आपला शब्द जहाजावरचा," ते म्हणाले.

त्या आठवड्यात गॅरेजला आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला त्यांनी ते सांगितलं, आणि दर वेळी जोडलं, "पोराच्या बाईंनी शोधून काढलं."